छपराखाली छत्र्यांचं दुकान

आकाश! आकाश बघायला लोक येतील म्हणे! अहो, आकाश काय एकट्या आमच्याच गावाला दिलंय देवानं? बाकीच्या गावांच्या डोक्यावर काय पत्रा ठोकलाय?... या, या, आत या, दारात भिजत उभे राहू नका, बूट राहू द्यात पायात, दुकानच आहे हे, आणि तुमच्या छत्र्या त्या पिंपात उभ्या करा... एकाकडेही नाही? नऊजण आलात आणि नवांत मिळून एक छत्री नाही? आमच्या तोमासेसारख्या पावसाच्या गावाला? आमच्या किनाऱ्यावर आई लेकराला शाळेत धाडताना काय सांगते माहितीय? 'डबा विसरलास तर चालेल, छत्री विसरू नकोस!' आणि तुम्ही एवढी शिकलीसवरली माणसं... नाही हो, विकत घ्या असं नाही म्हणत मी! बसा. त्या स्टुलांवर बसा. तुम्हाला गल्ली दाखवणारा तो ओकिमुरा बस आणायला गेलाय ना? म्हणजे दहा मिनिटं आहेत. पुष्कळ झाली. मला बोलायला आयुष्यात एकदाच दहा मिनिटं मिळाली होती, आणि तेव्हा मी बोललो नाही... तीच तर सगळी रड आहे.

मी उशिओदा. उशिओदा तोकुजी, वय एकाहत्तर. पण गल्लीत मला नावानं कोणी ओळखत नाही, 'छत्रीवाले' म्हणतात, जसं पलीकडे घड्याळवाले, कोपऱ्यावर औषधवाले. आणि तुम्ही कुठल्या नगरपालिकेचे? बरं, बरं, अभ्यास दौरा! ते मी लांबूनच ओळखलं, नवांच्या नऊ छात्यांवर नावाची चिठ्ठी आणि नवांच्या नऊ तोंडांवर जेवणाची आठवण. तुम्ही या महिन्यातली चौथी तुकडी. तुम्हाला सांगतो, आमच्या गल्लीत हल्ली पर्यटक येतात ना, ते सगळे दुसऱ्या गावांचे अधिकारी असतात. कशाला येतात? तर आमच्याकडे पर्यटक कसे येतात ते बघायला! येतात, वर बघतात, 'वा, आकाश!' म्हणतात, एकमेकांचे फोटो काढतात आणि बस धरतात. परवाचे तर मला विचारत होते, 'काका, इथं खायला काय चांगलं मिळतं?' काय सांगू त्यांना? मिळत होतं म्हटलं. समोर. ते बंद शटर दिसतंय ना, पिवळं, तिथं.

थांबा, घाई नको, सगळं सांगतो.

ही गल्ली छपराची होती. आमच्या वडिलांच्या पिढीनं वर्गणी काढून बांधलेलं छप्पर, या टोकापासून त्या टोकापर्यंत, पिवळट काचपत्र्याचं. बाहेर पाऊस कोसळू दे, बर्फ पडू दे, आत आलं की माणूस पहिलं काम काय करायचा? छत्री मिटायचा! आणि त्या छपराखाली, बरोबर मधोमध, आमचं छत्र्यांचं दुकान. आजोबांनी थाटलेलं. आहे की नाही डोकं? म्हणजे छप्पर नंतर आलं म्हणा, त्यात आजोबांचा दोष नाही, पण वडिलांनी त्या छपरासाठी सगळ्यात आधी वर्गणी दिली हो! आई जन्मभर म्हणायची, 'स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घ्यायचा आणि वर तो धोंडा आणायला स्वतः जायचं, असा तुझा बाप.' माझी बायको यासुको तेच माझ्याबद्दल म्हणते. घराण्याची रीत आहे.

आणि समोर फुमिए-सान. अकरा पावलं. मोजलीयेत मी, सकाळी गिऱ्हाईक नसतं तेव्हा माणूस काय मोजणार? फुमिए-सानचं कोरोक्केचं दुकान. एकटी बाई, नवरा लवकर गेला, लेक शिकून नागोयाला गेली, आणि ही चाळीस वर्षं कढईपुढे उभी. उकडलेला बटाटा, चिमूटभर कांदा, जरासा खिमा, पावाच्या चुऱ्यात घोळवून डुकराच्या चरबीत तळायचा... अहो, तो वास! दुपारी तीन वाजता पहिला घाणा पडला की गल्लीच्या त्या टोकाला, बँकेतसुद्धा, माणसं नोटा मोजताना चुकायची. दुकानापुढे छपराखाली दोन बाकं. त्यावर म्हातारीकोतारी येऊन बसायची, रोजची सहाजणी, त्यांना डॉक्टरनं चालायला सांगितलेलं, बाहेर पाऊस तर चालणार कुठं? मग आमच्या गल्लीत दोन फेऱ्या मारायच्या आणि एक कोरोक्के दोघींत खायचं. तीन कोरोक्केंत सहाजणींची दुपार! फुमिए-सान रागवायची, 'अगं बायांनो, मी काय हवा खाऊ?' आणि वर चौथं फुकट द्यायची, तुटलंय म्हणून. तुटलं नसायचं. तीच चिमट्यानं तोडायची. मी बघितलंय ना इथून!

नाही, गल्ली जोरात होती असं मी म्हणत नाही. खोटं कशाला बोला? अठ्ठेचाळीस दुकानांतली तेरा उघडी, बाकीची शटरं खाली. तरुण माणसं गाडी काढून हमरस्त्यावरच्या मोठ्या मॉलला जातात. आणि आमचे आधीचे महापौर, देव त्यांचं भलं करो, वीस वर्षं खुर्चीवर होते आणि वीस वर्षांत त्यांनी केलेलं एकच काम मला आठवतं, छप्पर गळायला लागलं तेव्हा खाली बादली ठेवली. दुसऱ्या ठिकाणी गळलं तर दुसरी बादली. पण माणूस रोज संध्याकाळी यायचा! कोरोक्के घ्यायचा, बाकावर बसून खायचा, म्हाताऱ्यांना गुडघ्यांचं विचारायचा. त्यांनी काही केलं नाही म्हणून गाव हळूहळू मरत होतं. मग आले हिराते साहेब. ते करतात. म्हणून लवकर.

हिराते साहेब म्हणजे आत्ताचे महापौर. बेचाळिशीचे, याच गावचे, शिंपल्यांचा व्यापार करायचे त्या हिरात्यांचा नातू, पण तोक्योत कंपनी काढून आलेले. सूटच्या खाली पळायचे बूट! निवडणुकीत घरोघरी आले, माझा हात दोन्ही हातांत धरला, म्हणाले, 'छत्रीवाले, मी लहानपणी तुमच्याकडून पिवळी छत्री घेतली होती.' आता तुम्ही सांगा, सत्तरीला टेकलेल्या माणसाला कोणी असं म्हटलं तर तो मत दुसऱ्याला देईल का? यासुको म्हणाली, 'अहो, पिवळी छत्री गावातल्या प्रत्येक पोराला शाळेतून मिळते!' पण तोवर मान हलवून झाली होती. जिभेला हाड नसतं म्हणतात ना? तुम्हाला सांगतो, आमच्या तर मानेलाच हाड नाही.

बरं, माणूस वाईट नाही हो! हेच तर अवघड आहे. वाईट असता तर दोन शिव्या घालून मोकळा झालो असतो. निवडून आल्यावर चौथ्या महिन्यात त्यांनी गल्लीची सभा घेतली. त्याआधी हा पालिकेतला ओकिमुरा प्रत्येक दुकानात गेला, हातात मिठाईचा खोका. 'काही नाही, फक्त कानावर घालतोय, अजून काही ठरलेलं नाही.' मिठाई आली की समजायचं, ठरलंय! तुमच्याकडेही असंच ना? हां, हलवा माना, हलवा... छप्पर जुनं झालंय, गंजलंय, भूकंपात कोसळेल, दुरुस्तीला गल्लीकडे पैसा नाही. खरंच होतं सगळं. ओकिमुरा म्हणाला, 'महापौरांच्या मनात एक स्वप्न आहे.' म्हटलं, बापरे. म्हणजे मनात म्हटलं. तोंडानं म्हटलं, 'हो का, हो का, वा.'

सभा औषधवाल्यांच्या माडीवर. तेरा दुकानांची तेरा माणसं, तेरा आसनं, तेरा कप चहा. आणि त्या वर्षी पाळीनं गल्लीचा अध्यक्ष कोण? मी! पुढे, महापौरांच्या शेजारी. मला यासुकोनं निघताना दारात अडवून सांगितलं होतं, 'बाकी काही बोलू नका, एकच विचारा, पाऊस पडला तर काय? चार शब्द आहेत. जमेल?' मी म्हटलं, 'जमेल म्हणजे? अध्यक्ष आहे मी!' वाटेत फुमिए-सान भेटली, तिनंही तेच म्हटलं, 'छत्रीवाले, छपराचं तेवढं विचारा हं, माझ्या म्हाताऱ्या भिजतील.' रस्ताभर मी घोकत गेलो, पाऊस पडला तर काय, पाऊस पडला तर काय...

महापौरांनी पडद्यावर चित्र लावलं. काय चित्र होतं! छप्पर नाही, वर निळंशार आकाश, दोन्हीकडे कुंड्या, गोरी जोडपी आइस्क्रीम खातायत, एक कुत्रा हसतोय, लांब डोंगरावर आपला किल्ला दिसतोय... तो किल्ला छपरामुळे साठ वर्षं कोणाला दिसला नव्हता! महापौर म्हणाले, 'मंडळी, आपण आपलं आकाश झाकून बसलोय. छप्पर काढा, आकाश मोकळं करा, बंदरावर येणारी बोटींची माणसं इथं येतील, तुमची शटरं वर जातील. आभाळाखालचं गाव, तोमासे!' त्या चित्रात सगळं होतं हो. फक्त पाऊस नव्हता. वर्षातले दोनशे दिवस ज्या गावात पाऊस नाहीतर बर्फ पडतो त्या गावाच्या चित्रात एक थेंब नाही! घड्याळवाल्यांनी माझ्याकडे बघितलं. औषधवाल्यांनी बघितलं. फुमिए-साननं बघितलं. महापौर म्हणाले, 'कोणाची काही हरकत?'

आणि मी तोंड उघडलं! शपथेवर सांगतो, उघडलं होतं. 'पाऊ...' इथवर आलो होतो. तेवढ्यात महापौर माझ्याकडे वळून हसले आणि म्हणाले, 'छत्रीवाल्यांना तर विचारायलाच नको. छप्पर गेलं की त्यांची तर चांदी!'

सगळे हसले. मीही हसलो. आणि हसता हसता... आता तुम्हाला काय सांगू, लाज वाटते, पण बस यायचीये आणि परत आपली भेट नाही, म्हणून सांगतो. हसता हसता माझ्या डोळ्यांपुढे आलं, गल्लीत अचानक सर आलीय, लोक पळतायत, आडोसा शोधतायत, आणि एकच दुकान उघडं, माझं! आत गर्दी, 'ती निळी द्या', 'मला ती लाकडी मुठीची', यासुको गल्ल्यावर, मला घाम फुटलाय... तीन पिढ्यांत आमच्या दुकानात कोणाला घाम फुटला नव्हता! आणि चार शब्द, घोकलेले चार शब्द, घशातून खाली गेले, चहाच्या घोटाबरोबर. आणि मान? मान हलली. हळूच. वर, खाली. अध्यक्षांची मान हलली म्हटल्यावर घड्याळवाल्यांची हलली, औषधवाल्यांची हलली, वाऱ्यावर भाताचं शेत डुलावं तशा तेरा माना. फुमिए-साननं माझ्याकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. मग तिनंही हलवली. ओकिमुरानं वहीत लिहिलं, 'एकमतानं.' मानेला हाड नाही हो आमच्या, एकाच्याही नाही!

यासुको घरी वाट बघत होती. 'विचारलंत?' मी म्हटलं, 'विचारायची वेळच आली नाही.' तिनं भांडी जरा जोरात घासली.

मग काय, छप्पर गेलं. चार महिने धूळ, ठोकाठोक, आणि मग उद्घाटन. त्या दिवशी पाऊस! आता पाऊस पडणारच, तो काय ओकिमुराला विचारून पडतो? पाहुण्यांसाठी मांडव घातला होता. म्हणजे बघा, साठ वर्षांचं छप्पर काढलं आणि ते काढल्याचा सोहळा कुठं केला? छपराखाली! मांडवात उभं राहून महापौर म्हणतायत, 'आज आपलं आकाश मोकळं झालं!' आणि मागे दोन माणसं काठीनं मांडवात साठलेलं पाणी ढकलतायत. पालिकेनं बाहुला केला होता, सोरामारू नावाचा, निळा गोल, गालावर ढग. तो भिजला तर फुगतो म्हणून पाऊस असला की त्याला बाहेर काढत नाहीत. तोमासेमध्ये! दोन वर्षांत तो बाहुला मी चारदा बघितला. त्यातल्या एका वेळी तर तो विचारायला आला होता, आत कोणीतरी पालिकेची मुलगी होती बिचारी, 'काका, पाऊस येईल का?'

आणि छत्र्या! हं, विचारा, विचारा, छत्र्या किती खपल्या? मी छप्पर जायच्या आधीच ऐंशी छत्र्या मागवल्या. निळ्या, फुलांच्या, लाकडी मुठीच्या, काड्या अशा की वादळात उलटायच्या नाहीत. दाराशी मांडून बसलो. आला पाऊस. आला म्हणजे असा आला, गटारं वाहिली! मी उभा, यासुको उभी. आणि गल्लीत... कोणी नाही. एक माणूस नाही! अहो, साधा हिशेब, पाऊस पडतोय आणि गल्लीला छप्पर नाही, तर माणूस भिजायला कशाला येईल? आणि ज्याला यायचंच आहे तो घरूनच छत्री घेऊन येईल ना? त्याला आईनं शिकवलंय ना, डबा विसर पण छत्री विसरू नको! एकाहत्तर वर्षं छत्र्यांत काढली मी, तिसरी पिढी, आणि एवढी साधी गोष्ट मला सभेत सुचली नाही. चांदी म्हटल्यावर माणसाची अक्कल बाजूच्या खोलीत जाऊन बसते.

पुढचं ऐका. मोठी बोट आली बंदरात. दोन हजार माणसं! गावात गुडघाभर झेंड्या लावल्या... म्हणजे रस्त्याच्या कडेनं गुडघ्याएवढ्या झेंड्या. दोन हजार माणसं बसमध्ये बसली आणि सरळ गरम पाण्याच्या झऱ्यांवर गेली. आमच्याकडे एक बस. चाळीसजण. बारीक पाऊस होता. आता हे भिजू नयेत म्हणून आमच्या नगरपालिकेनं काय केलं असेल? फुकटच्या छत्र्या! तो बाहेरचा निळा स्टँड! 'घ्या, वापरा, परत आणून ठेवा.' आणि तो स्टँड ठेवला कुठं? माझ्या दारात! मी गेलो ओकिमुराकडे. तावातावानं गेलो हो, वाटेत सगळं पाठ केलं. ओकिमुरा उठून उभा राहिला, कमरेत वाकला, म्हणाला, 'अहो छत्रीवाले, मुद्दामच तुमच्या दारात ठेवलाय. छत्री कुठं मिळते म्हटलं की गावाला तुमचंच दुकान आठवतं. त्या निमित्तानं लोक तुमच्याकडे वळतील.' आणि वर म्हणाला, 'एखाद्या छत्रीची काडी तुटली तर जरा बघाल ना? तुमच्यासारखा कारागीर पंचक्रोशीत नाही.'

काय केलं मी? हसू नका. तुम्हाला माहितीय मी काय केलं. दर सोमवारी पाच-सहा दुरुस्त करतो. फुकट. मानेला हाड असतं तर आज माणूस असतो.

ते चाळीसजण? उतरले, माझ्या दारातल्या निळ्या छत्र्या उघडल्या, वर बघितलं... करडं आकाश, किल्ला ढगात. एकीनं फुमिए-सानला शौचालय कुठं ते विचारलं. खुणेनं. फुमिए-साननं आपल्या घरातलं दाखवलं, बाहेर आल्यावर तिच्या हातात गरम कोरोक्के ठेवलं. बाईनं वास घेतला, हसली, परत दिलं. अर्ध्या तासात बस गेली.

आणि बाकावरच्या सहाजणी? बाकं होती, नवी, गुळगुळीत, पाठ नसलेली, तोक्योच्या कोणीतरी आखून दिलेली. पण भिजलेल्या बाकावर कोण बसणार? पावसाळ्यात पाऊस, थंडीत बर्फ, आणि उन्हाळ्यात? ते मोकळं आकाश आणि त्यातून सरळ डोक्यावर ऊन! पहिल्या वर्षी चौघी यायच्या. मग दोघी. मग डॉक्टरनं त्यांना मॉलमध्ये चालायला सांगितलं, तिथं छप्पर आहे, थंड हवा आहे. गावातली म्हातारी माणसं आता हमरस्त्यावरच्या मॉलमध्ये चालतात! तीन वाजता फुमिए-सान घाणा टाकायची. आधी साठ. मग वीस. मग एक दिवस मी बघितलं, कढईत सहा. सहाही मीच आणली. यासुको म्हणाली, 'रोज सहा?' मी म्हटलं, 'आवडतात मला.' सात किलो वाढलं माझं वजन. पण मी एकटा किती खाणार हो एका सभेचं!

इकडे महापौरांना बक्षीस. 'सुंदर रस्ता' म्हणून कुठल्याशा संस्थेनं दिलं, वर्षातल्या एका कडक उन्हाच्या दिवशी फोटो काढून. फोटोत माझं दुकान आहे! मी पण आहे, छोटासा, वर बघतोय. लोकांना वाटतं आकाश बघतोय. मी ढग शोधत होतो. आता महापौर गावोगाव भाषणं देतात, म्हणून तर तुम्ही आलात. भेटले का तुम्हाला? गोड बोलले ना? अहो, त्यांनी विचारलं होतं हो आम्हाला! 'हरकत आहे का' असं तोंडावर विचारलं होतं! पुढारी विचारत नाही म्हणून लोक रडतात, आमच्या पुढाऱ्यानं विचारलं, आता आम्ही कोणाच्या नावानं रडायचं?

गेल्या नोव्हेंबरात फुमिए-साननं शटरवर कागद लावला. चाळीस वर्षं लोभ ठेवलात, आभारी आहे, वगैरे. लेक नागोयाला बोलावतेय. शेवटच्या दिवशी पाऊस होता, हे सांगायला नकोच. मी अकरा पावलं चालत गेलो. बिनछत्रीचा. छत्रीवाला मी, आणि भिजून गेलो, कारण वाटलं छत्री घेऊन तिच्यापुढे कुठल्या तोंडानं उभं राहू? ती कढई घासत होती. मी म्हटलं, 'फुमिए-सान, मला एक सांगायचंय. त्या दिवशी सभेत...' ती म्हणाली, 'आधी डोकं पुसा.' फडकं दिलं. मी म्हटलं, 'त्या दिवशी मी मान हलवली ती माझ्या छत्र्यांसाठी. मला वाटलं, छप्पर गेलं की माझं दुकान चालेल. तुमचा विचार आला होता मनात, आला नव्हता असं नाही, पण मी तो बाजूला सारला. चूक झाली माझी.'

बोललो! दोन वर्षं उशिरा, पण बोललो.

ती कढई घासतच राहिली. म्हणाली, 'माहितीय मला.' मी म्हटलं, 'माहितीय?' म्हणाली, 'तुमचं तोंड बघितलं ना मी. दुकानात गर्दी झालीय असं तोंड झालं होतं तुमचं.' मी म्हटलं, 'मग तुम्ही का नाही बोललात? तुम्ही नुसतं नाही म्हटलं असतं तरी घड्याळवाले उठले असते, औषधवाले उठले असते!' तर ती थांबली. हात पुसले. आणि म्हणाली, 'चाळीस वर्षं समोर बघतेय, छत्रीवाले. दिवस दिवस तुमच्या दाराची घंटा वाजत नाही. माझ्याकडे निदान सहाजणी तरी होत्या. मला वाटलं, छप्पर गेलं तर जाऊ दे, एकदा तरी तुमचं बरं होऊ दे.'

...

थांबा, जरा पाणी पितो.

यासुकोला अजून सांगितलेलं नाही मी हे. तुम्हालाच सांगतोय. म्हणजे बघा, मी माझ्यासाठी मान हलवली आणि तिनं माझ्यासाठी मान हलवली! माझ्याच वाट्याला दोन मतं, आणि तीही मलाच बुडवणाऱ्या गोष्टीसाठी! मला म्हणायचं होतं, जाऊ नका. मला म्हणायचं होतं, मी परत सभा बोलावतो, मी महापौरांच्या दारात बसतो. ती म्हणाली, 'नागोयाला आलात तर या.' मी मान हलवली. झालं. चाळीस वर्षांचा निरोप.

चार वाजता टॅक्सी आली, पण नव्या दगडी रस्त्यावर गाडी आणू देत नाहीत, तिकडे त्या टोकाला उभी राहिली. ही हातात पिशवी घेऊन दारात उभी, वर धो धो. निळ्या स्टँडकडे बघितलं तिनं. त्या दिवशी भरलेला होता. तिनं तिकडून नजर काढली, अकरा पावलं आली, आणि घंटा वाजली माझ्या दाराची. म्हणाली, 'छत्रीवाले, एक छत्री द्या.' मी म्हटलं, 'अहो, पैसे कसले, घेऊन जा, कुठलीही!' तर बाई चिडली. 'चाळीस वर्षांत मी तुमच्याकडून एक छत्री घेतली नाही, लागलीच नाही कधी, वर छप्पर होतं. आज पहिल्यांदा गिऱ्हाईक म्हणून आलेय, तर नीट दाखवा!' मग मी दाखवल्या. सगळ्या दाखवल्या, उघडून, मिटून, काड्या वाकवून. तिनं लाकडी मुठीची घेतली, गर्द हिरवी. पूर्ण पैसे दिले. मी दोन्ही हातांनी घेतले, वाकलो, 'परत यावं' म्हटलं, सवयीनं. आणि ती गेली, गल्लीच्या मधोमध, भर पावसात, एकटी, एक हिरवी छत्री. यासुको माझ्यामागे उभी होती. म्हणाली, 'खपली हो शेवटी एक.' आणि आत गेली.

पुढच्या आठवड्यात हा ओकिमुरा आला, पाहणीचा कागद घेऊन. 'दोनच प्रश्न आहेत, छत्रीवाले. छप्पर काढल्यामुळे आपल्या दुकानात नवीन गिऱ्हाईक आलं का? आलं असल्यास, किती?' मी पेन हातात धरून बसलो. 'नाही' लिहायचं होतं हो मला! आयुष्यात एकदा तरी. पण खोटं कसं लिहू?

'हो' लिहिलं. 'एक.'